हुक्कापाणी

आमच्या घराला दोन दारं होती आणि त्यांतलं पुढचं सरकारचं होतं. पुढच्या खोलीत पोस्ट होतं. एक टेबल, शिक्का, शाईची गादी, छोटा तराजू आणि बाहेर भिंतीत बसवलेली लाल पेटी, एवढाच त्याचा पसारा. बाबा गावचे पोस्टमास्तर होते, म्हणजे दिवसाचे चार तास पोस्टमास्तर आणि उरलेला वेळ शेतकरी. मागचं दार आईचं. पुढच्या दारात काय बोललं जाईल ते बाबा ठरवत. मागच्या दारातून काय आत येईल आणि काय बाहेर जाईल ते आई ठरवी. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आदिलाबाद जिल्ह्यात, बेल्याहून दोन कोस, पुढे पैनगंगा आणि तिच्या पलीकडे महाराष्ट्र, एवढं पुरे. ज्या धुऱ्याची गोष्ट सांगणार आहे तो धुरा, म्हणजे दोन वावरांमधली हद्द, अजून तिथेच आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आता नातवंडं पेरतात. उगाच कशाला कुणाला कागद सापडू द्यावा.

माझ्या लहानपणची संध्याकाळ आठवायची म्हटलं की आधी आवाज आठवतात. हमीदभाईच्या चक्कीचं इंजिन गावाच्या कडेला पुकपुक करत असे. इंजिनाच्या धुराड्यावर त्यानं एक पत्र्याचा डबा उपडा घातला होता, त्यामुळे तो आवाज पार नदीपर्यंत जाई आणि बायकांना वावरात कळे की चक्की चालू आहे, आज दळण होईल. ती बंद झाली की आदिलाबादची शेवटची गाडी येई. गाडीतून डाकेची थैली आणि यवतमाळकडचं मराठी वर्तमानपत्र येई, कालचं. मग आमच्या ओट्यावर माणसं जमत. मागे आई भाकरी थापत असे, आणि तो थपथप आवाज बाबांच्या वाचण्याच्या खाली सतत चालू असे. बाबा जोरात वाचायला लागले की आईचा हात जड पडायचा. ती बोलायची नाही, पण भाकरीवरून कळायचं की कुठली बातमी तिला पटलेली नाही. अंबाडीची भाजी, लसणाचा ठेचा, थंडीत तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी, तिला आम्ही सोल्याची आमटी म्हणतो, असं जेवण. आज माझ्या घरी सगळं मिळतं, गॅस आहे, मिक्सर आहे, पण ती आमटी मिक्सरमध्ये जमत नाही. ती वरवंट्याखाली अर्धवट ठेचलेल्या दाण्यांचीच होते. यात भावनेचा काही भाग नाही, दाणा ठेचला आणि कापला तर चव वेगळी लागते, इतकंच.

मी दहावीत गेले त्या पावसाळ्यात इराकनं कुवेत घेतला. आमच्या ओट्यावर त्याआधी दोन्ही देशांची नावं कुणी काढली नव्हती, खजुराच्या पाकिटावर असलं तर असेल. पण आठ दिवसांत सगळे त्यातले जाणकार झाले. शाळेच्या नकाशातून मी तो भाग कागदावर उतरवून दिला आणि बाबांनी तो पोस्टाच्या खळीनं भिंतीला चिकटवला. कुवेत इतका लहान होता की त्यावर बोट ठेवलं की दिसेनासा व्हायचा.

इराकची बाजू घेणारा ओट्यावर एकच माणूस होता, उकंडराव. सगळे त्याला उकंडाकाका म्हणत. उंच, आवाजाचा मोठा, आणि माझी मैत्रीण वच्छी हिचा बाप. वच्छीचं नाव वच्छला. पहिलीपासून आम्ही एका पाटीवर लिहिलेलं आणि आता रोज बरोबर बेल्याच्या हायस्कुलात चालत जायचो.

"कुवेत अगुदर इराकाचंच होतं," उकंडाकाका म्हणे. "इंग्रजानं मंधात रेघ मारली. आपलं आपून घेतलं त कोनाच्या पोटात काऊन दुखून राह्यलं?"

"आपलं गाव बी अगुदर निजामाचं होतं," कुणीतरी म्हणे. "उद्या कोनी येऊन म्हनीन, वापस द्या. देशीन का गा?"

"निजामाची गोष्ट अलग हाय."

"कशी अलग?"

"अलग म्हंजे अलग."

हमीदभाई ओट्याच्या खालच्या पायरीवर बसून विडी ओढत असे. सबंध अंगावर पिठाचा थर, भुवयासुद्धा पांढऱ्या. तो म्हणे, "जमीन का नक्को बोलो मास्टर. नीचे तेल है, उसका झगडा है." त्याचं बोलणं कुणी मनावर घेत नसे, कारण तो चक्कीवाला, त्याला तेलाचंच सुचणार. पुढे त्याचंच खरं ठरलं, पण वेगळ्या रीतीनं.

असं भांडण रोज चाले. मला आज वाटतं, इतक्या लांबच्या युद्धावर इतक्या जवळून मी पुन्हा कधी कुणाला भांडताना ऐकलं नाही. आता आमच्याकडे टीव्हीवर लोक ओरडतात, पण ती ओरडायला बोलावलेली माणसं असतात. आमच्या ओट्यावरची माणसं दिवसभर डवरे-वखर हाकून आलेली असत आणि तरी त्यांना ते ठरवायचं असे. दुसऱ्याची जमीन घेणारा बरोबर कसा, आणि चूक असेल तर त्याचं करायचं काय, हा प्रश्न त्यांच्या रोजच्या ओळखीचा होता.

मग एक दिवस बाबांनी वाचलं की इराकवर सगळ्या देशांनी आर्थिक निर्बंध घातले आहेत. "निर्बंध म्हंजे काय, मास्तर?" पंचफुलाबाईनं विचारलं. ही बाई विधवा, दोन मुली नांदायला गेलेल्या, आणि एकटी शेती करणारी. मुलींची पत्रं वाचून घ्यायला ती पोस्टात येई आणि मग बातम्यांनाही थांबे. बाबांना कठीण शब्द सोपा करून सांगण्याचा अभिमान होता. त्यांनी चष्मा काढला, थोडा विचार केला आणि म्हणाले, "साऱ्या जगानं मिळून इराकाचं हुक्कापानी बंद केलं."

एका क्षणात सगळ्यांना सगळं कळलं. हुक्का गावात कुणी ओढत नव्हतं, आमच्या आज्यांच्या वेळेपासून नव्हतं, पण शब्द माहीत होता. कुणी त्याच्याकडून घ्यायचं नाही, कुणी त्याला द्यायचं नाही, त्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही. "मंग ठीक हाय," पंचफुलाबाई म्हणाली. "गोळी नाई, लाठी नाई. येईल लाईनीवर." बाबा खूश झाले. मागे आईची भाकरी जरा जोरात थापली गेली.

दसऱ्याच्या आधी रब्बीच्या ज्वारीसाठी रानं तयार होतात. उकंडाकाका आणि पंचफुलाबाई यांची वावरं लागून होती. एका सकाळी उकंडाकाकानं आपलं वावर वखरता वखरता मधला धुराही वखरला आणि पंचफुलाबाईचे चार तास आपल्यात घेऊन पेरले. तास म्हणजे पेरणीची ओळ. चार तास म्हणजे फार नव्हेत. पुढे मी महसूल खात्यात नोकरी केली, पंचवीस वर्षं, आणि धुऱ्याची शेकडो भांडणं टेबलावरून गेली. त्यांतली निम्मी चार तासांपेक्षा कमीची होती. कुणी जमिनीसाठी भांडत नाही. आपल्याला एकटं पाहून कुणी हात घातला, यासाठी भांडतात. उकंडाकाकाचं म्हणणं, आज्याच्या वेळच्या पहाणीत, म्हणजे सरकारी नोंदीत, धुरा पलीकडे होता.

त्या संध्याकाळी पंचफुलाबाई ओट्यावर आली ती बसली नाही. तिनं भिंतीवरच्या नकाशाकडे बोट केलं.

"मास्तर," ती म्हणाली, "माया कुवेत झाला."

कुणी हसलं नाही. बाबा म्हणाले, तहसिलात अर्ज देऊ, मी लिहून देतो, मोजणी येईल. लोक म्हणाले, मोजणी येईस्तोवर बाई जित्ती ऱ्हाईन का? आणि मग कुणीतरी ते म्हटलंच. साऱ्या जगाला जे पटलं ते आपल्या गावाला काऊन पटू नये? बाबांनी बरंच समजावलं, पण रोज संध्याकाळी दोन महिने ज्या गोष्टीची वाखाणणी केली ती चूक आहे असं एका संध्याकाळी कसं सांगणार. शेवटी ठराव लिहायला अक्षर चांगलं म्हणून त्यांनाच बसवलं. उकंडरावानं चार तास आणि धुरा सोडेपर्यंत न्हाव्यानं जायचं नाही, कापूस वेचायला बायांनी जायचं नाही, चक्कीवर दळण घ्यायचं नाही, कुणी बोलायचं नाही. बाबांनी पेपरात वाचलं होतं की इराकला औषधं सोडली आहेत, म्हणून त्यांनी औषध आणि मीठ वगळायला लावलं. यावर मोठा वाद झाला. पीठ हे अन्न की सोय? एकजण म्हणाला, अन्न आहे. दुसरा म्हणाला, "अन्न ज्वारी हाय. ते त्याच्या घरी पोत्यानं हाय. पीठ हे त नुसती मौज." हा मुद्दा सर्वांना बिनतोड वाटला. वाद घालणाऱ्यांपैकी कुणीही आयुष्यात कधी दळलं नव्हतं.

रात्री जेवताना आई एवढंच म्हणाली, "मौज कोनाची हाय ते त्याच्या बायकोले पुसा." बाबांनी भाकर मोडली.

मुलांबद्दल ठरावात काही नव्हतं. वच्छी आणि मी आपसांत ठरवलं. गावात असताना ती पुढे पाच पावलं आणि मी मागे. पांदण, म्हणजे वावरांमधली वाट, लागली, वळणावरची बाभूळ गेली, की बरोबर. येताना उलट. त्या पाच पावलांची आम्हाला गंमतच वाटत होती. वच्छी बाभळीखाली थांबून म्हणायची, "ये, कुवेत आलं," म्हणजे गावाची हद्द संपली. तिच्या डब्यात भाकर दिसेनाशी झाली हे माझ्या लक्षात आलं होतं. घुगऱ्या असत, म्हणजे उकडलेली अख्खी ज्वारी, मीठ घालून. मी माझी भाकर पुढे केली की ती घ्यायची आणि मला घुगऱ्या द्यायची. मला त्या आवडायच्या. अदलाबदल बरोबरीची आहे असं मला वाटे. पंधरा वर्षांच्या मुलीला काय काय वाटतं याला धरबंध नसतो. तिच्या घरामागून तेव्हा कधीकधी टकटक असा दगडावर लोखंडाचा आवाज यायचा. कशाचा ते मी विचारलं नाही.

थंडीत शाळेत वादविवाद स्पर्धा ठरली. समाजशास्त्राचे नरसय्या सार तेलुगू माणूस, पण आमच्यात राहून मराठी बोलायला शिकले होते. ते म्हणायचे, "अम्मायी, पुस्तक नक्को सांगू, तू पाहिला ते सांग." विषय होता, चढाई करणाऱ्या देशावर बहिष्कार टाकणं योग्य की अयोग्य. मला योग्यची बाजू आली. मी दोन महिन्यांचे पेपर पुन्हा काढून वाचले. बाबांनी मुद्दे लिहून दिले. पण माझ्या डोक्यात सारांचं ते वाक्य बसलं होतं, तू पाहिलं ते सांग.

स्पर्धेच्या दिवशी सबंध शाळा मैदानात बसली होती. नववी-दहावीच्या मुली पुढे; वच्छी दुसऱ्या रांगेत. मी बरी बोलले. मग टाळ्या पडल्या आणि मला जोर चढला. मी म्हटलं, लांबचं कशाला, आमच्याच गावात एका माणसानं एका विधवेचा धुरा वखरला. गावानं त्याला लाठी मारली नाही, कोर्टात नेलं नाही. हुक्कापाणी बंद केलं. आज त्याच्या वावरात कापूस फुटून लोंबतो आहे आणि वेचायला कुणी नाही. त्याच्या घरी भाकर नाही, घुगऱ्या खातात. तो वाकेल, आणि इराकही वाकेल. सगळे हसले, टाळ्या वाजवल्या. आजूबाजूच्या पाच गावांची पोरं होती. तो माणूस कोण हे सर्वांना ठाऊक होतं. घुगऱ्यांबद्दल मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. ते फक्त मला ठाऊक होतं, कारण तिच्या डब्यातून मीच त्या खाल्ल्या होत्या.

मला पहिलं बक्षीस मिळालं, स्टीलचा पेला. खाली उतरले तेव्हा दुसऱ्या रांगेत वच्छी नव्हती. बाभळीपाशीही नव्हती. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही, तिसऱ्याही नाही.

बाबांनी पेला पोस्टाच्या टेबलावर ठेवला, येणाऱ्या जाणाऱ्याला दिसावा म्हणून. आईनं तो हातात घेऊन पाहिला आणि मला विचारलं, "काय बोलली वं तू?" मी सगळं सांगितलं. घुगऱ्यांपर्यंत आले तेव्हा माझा आवाज बारीक झाला. आईनं पेला खाली ठेवला. "त्याच्या घरचं खाऊन त्याच्याच घरचं सांगतलं," ती म्हणाली. रागानं नाही, जशी ती गवऱ्या मोजायची तसं. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. ती शिकवण्यापेक्षा सोडून देण्यावर विश्वास ठेवायची.

नरसय्या सारांनी वर्गात विचारलं, वच्छलाचा काय झाला. परीक्षा जवळ आलेली. ती आली नाही तर तिचा प्रवेशाचा कागद तसाच पडून राहणार होता, आणि दहावी न दिलेल्या मुलीचं आमच्याकडे पुढे काय होई ते सर्वांना माहीत होतं. त्या उन्हाळ्यातच लग्न. मी तिच्या दारावरून दोनदा गेले. ठराव होता म्हणून आत गेले नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे ठराव मला त्या दिवसांत फार सोयीचा वाटला.

मग युद्ध खरंच सुरू झालं, आणि हमीदभाईचं खरं ठरलं. डिझेल मिळेना. बेल्याला नाही, आदिलाबादला रांगा. हमीदभाई तीन दिवस रिकामं पिंप घेऊन फिरला आणि परत आला. पुकपुक थांबली. पहिले दोन दिवस गावाला तो आवाज नाही हेच चुकल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी पिठाचे डबे संपले. हमीदभाई ओट्याच्या पायरीवर बसला. त्याच्या भुवया काळ्या होत्या. मी त्याला तसं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं आणि तो तरुण आहे हे मला तेव्हा कळलं.

"लो मास्टर," तो म्हणाला, "हुक्कापानी अपना भी बंद."

मग प्रत्येक घरात जात्याचा शोध सुरू झाला. कुणाच्या जात्याचा वरचा दगड गोठ्याच्या दाराला टेकू म्हणून होता, कुणाचा खालचा दगड न्हाणीत धुणं आपटायला. आमचं जातं तर अर्धंच होतं. वरच्या दगडावर बाबांची डाकेची थैली ठेवत, ओल लागू नये म्हणून. चक्की आल्यापासून पंधरा-वीस वर्षांत कुणी जात्याला टाकी लावली नव्हती, म्हणजे दगडाला नव्यानं खरखरीत खाचा पाडल्या नव्हत्या. गुळगुळीत जात्यात ज्वारी नुसती फिरते, दळली जात नाही. तिसऱ्या दिवशी रात्री आमच्याकडे घुगऱ्या झाल्या. बाबांनी दोन घास खाल्ले आणि ताटाकडे पाहत बसले. मीही.

गावात एकच जातं चालू होतं. सकाळी चक्की गप्प असल्यामुळे तो आवाज सगळ्यांना ऐकू येऊ लागला, घरघर, घरघर, उकंडाकाकाच्या घरातून. दोन महिने घुगऱ्या खाल्ल्यावर वच्छीच्या आईनं नवऱ्याची छिन्नी घेतली होती आणि स्वतःच जात्याला टाकी लावली होती. तीच ती टकटक. गावानं त्यांचं पीठ बंद केलं म्हणून अख्ख्या गावात फक्त त्यांच्याकडे पीठ होतं.

सगळ्यांना हे कळत होतं आणि कुणी हलत नव्हतं. बाया विहिरीवर एकमेकींकडे पाहत. आधी कोण जाणार. चौथ्या दिवशी सकाळी आईनं पत्र्याच्या डब्यात पाच शेर ज्वारी भरली, वर धुतलेलं फडकं बांधलं आणि मला म्हणाली, "जा. दळून आन."

"कुठून?"

"ऐकू येऊन राह्यलं नाई का तुले?"

"आई, ठराव हाय. बाबांनी लिहिला."

"बाबाले भाकर पाह्यजे," ती म्हणाली. "पुढच्या दारानं जा. मागून नाई."

पुढच्या दारात बाबा शिक्के मारत बसले होते. मी डबा डोक्यावर घेऊन त्यांच्या टेबलापुढून गेले. त्यांनी वर पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि पुन्हा शिक्का मारायला घेतला. एकाच पाकिटावर त्यांनी दोनदा शिक्का मारला. माझ्या आठवणीत त्यांच्या नोकरीतली ती एकमेव चूक.

सबंध गल्ली मला पाहत होती. उकंडाकाकाचं घर दीडशे पावलांवर. मला तो बेल्याचा रस्ता वाटला. अंगणात उकंडाकाका खाटेवर बसला होता, दाढी गळ्यापर्यंत आलेली, न्हावी नव्हता ना. त्यानं पाय मागे घेतले, मला जायला वाट झाली. आत जात्यापाशी वच्छी एकटी होती. पिठानं हात पांढरे झालेले. मी डबा खाली ठेवला. वाटेत जे जे म्हणायचं ठरवलं होतं त्यांतलं मला एकही आठवेना. वादविवादात पहिली आलेली मुलगी.

वच्छीनं फडकं सोडलं, ज्वारी हातात घेऊन पाहिली, खडा आहे का ते.

"तुयं भाषण लय चांगलं झालं," ती म्हणाली. "पीठ बारीक पाह्यजे का जाडं?"

"बारीक," मी म्हटलं.

"बारीक पाह्यजे त बस मंग समोर. एकटीनं होत नाई."

मी बसले. खुंट्याला दोघींचे हात. जातं ओढण्याला एक लय असते, ती चुकली की दगड अडतो; पहिल्या दहा फेऱ्यांत मी चार वेळा अडवला. ती नुसती थांबायची. मग जमलं. अर्ध्या दळणाला माझ्या हाताला फोड आला. वच्छीची आई परसातून आली, मला पाहिलं, आणि तांब्याभर पाणी आणून माझ्यासमोर ठेवलं. ठेवलं, दिलं नाही. मी प्यायचं की नाही ते माझ्यावर. दारात तोवर आणखी दोघी डबे घेऊन आल्या होत्या, उंबऱ्याबाहेर उभ्या, माझ्या हाताकडे पाहत. मी पाणी प्याले. सगळा तांब्या. तहान खरंच लागली होती.

दुपारपर्यंत अंगणात डब्यांची रांग लागली. दुसऱ्या दिवशी पंचफुलाबाई आली. तिच्या डोक्यावरही डबा होता. तीही घुगऱ्यांना कंटाळली होती. उकंडाकाका खाटेवरून उठून गोठ्यात गेला. वच्छीची आई म्हणाली, "बसा." पंचफुलाबाई बसली आणि दोघींनी मिळून दळलं. पंचफुलाबाई रोज येऊ लागली, एकटीला लागेल त्याहून जास्त दळण घेऊन. तिची मला मोठी गंमत वाटते. ती भांडायला यायची नाही, नुसती दळायला यायची, उकंडाकाकाच्या घरात, उकंडाकाकाच्या समोर, तास तास. सातव्या दिवशी त्यानं वावरात जाऊन धुऱ्याचे दगड परत लावले. ज्वारी उभी होती. कापणीच्या वेळी त्यानं तीन तास तिला सोडले. चौथ्यावर वाद राहिला. पंचफुलाबाई मरेपर्यंत सांगायची की तिचा पाव कुवेत अजून यायचा आहे.

बाबांनी ठरावाचा कागद काय केला ते मला माहीत नाही. चक्की सुरू झाल्यावर ओट्यावर पुन्हा वाचन सुरू झालं, पण बाबा कठीण शब्द आला की आता तसाच वाचत, सोपा करून सांगत नसत. कुणी अर्थ विचारला तर म्हणत, पेपरात तसं दिलं आहे. मला वाईट वाटायचं. त्यांचं सोपं करून सांगणं हीच त्या ओट्याची खरी मजा होती.

मी रोज संध्याकाळी दळणाच्या निमित्तानं वच्छीकडे वह्या नेत होते. घरी पिठाचे डबे भरून वाहायला लागले तेव्हा आई म्हणाली, आता नुसत्या वह्या घेऊन गेलीस तरी चालेल. नरसय्या सार एकदा स्वतः सायकलवर आले आणि उकंडाकाकाशी तासभर बोलले. काय बोलले कळलं नाही, निम्मं तेलुगूत होतं आणि उकंडाकाकाला तेलुगू येत नव्हतं. पण सार गेल्यावर उकंडाकाका वच्छीला म्हणाला, "जाय. दे परीक्षा." त्या घुगऱ्यांबद्दल मी माफी मागितली नाही. तिनंही कधी विषय काढला नाही. एकदा सोडून.

समाजशास्त्राच्या पेपरच्या सकाळी आम्ही दोघी बरोबर निघालो, गावातूनच बरोबर, पाच पावलं नाहीत. पांदणीत पळस फुलला होता. बाभळीपाशी आल्यावर वच्छी पुस्तकात बघत म्हणाली, "ते जगाच्या पंचायतीचा प्रश्न येईन म्हने सार. बहिष्काराचा."

"येईल."

"आला त माया बापाचं उदाहरण लिहू नको."

"नाही लिहीत," मी म्हटलं.

प्रश्न आला. पाच मार्कांचा होता. सबंध जिल्ह्यात तो प्रश्न माझ्याइतका कुणाला येत नसेल. मी पेन हातात घेतलं, पण उदाहरणाशिवाय मला एकही वाक्य सुचेना, म्हणून मी तो सोडून पुढचा घेतला. बाहेर आल्यावर वच्छीला विचारलं, तू लिहिलास का. ती डबा उघडून बसली होती. आत भाकर होती, बारीक पिठाची.

"लिहिला ना," ती म्हणाली. "मले त सारंच माईत होतं."